मदत हवी आहे: मिशन सेवेसाठी कुटुंबासह परदेशी जातोय (मुलीची शाळा, कागदपत्रं, कुत्रा)

दोनबॅगा

नमस्कार. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, मिशन सेवेसाठी दुसऱ्या देशात राहायला जातोय. निदान चार वर्षं तरी तिथे असू. व्हिसा हातात पडेपर्यंत देशाचं नाव कुठेही उघड लिहू नका असं पाठवणाऱ्या संस्थेने बजावलंय, त्यामुळे ते विचारू नका. भाषा नवी आणि लिपीही नवी, एवढं सांगते.

नवऱ्याचं काम ठरलंय. तिथल्या एका लहान मंडळीत (चर्चमध्ये) पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, हाताखाली शिकवायचं. त्याचा व्हिसा धार्मिक कार्यकर्त्याचा, आमचा तिघांचा त्याच्यावर अवलंबून असलेला. मी नर्स आहे आणि तिथे मला काम करता येईल की नाही, हे कोणी धड सांगत नाही. "पाळकाच्या बायकोला कामाची काय कमी?" असं हसत हसत सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांचं मी बघून घेईन, मला कायद्याची बाजू हवी आहे.

पण खरा प्रश्न मुलीचा. तिला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "हे ठरलंय, की मला विचारताय?" ठरलेलं होतं. त्यावर ती रडली नाही, भांडलीही नाही. आवराआवरीत मदत करते, खोक्यांवर सुवाच्य अक्षरात नावं घालते. तिच्या स्वतःच्या खोक्यावर मात्र 'नंतर बघू' लिहिलंय. तिने आदळआपट केली असती तर मला कमी काळजी वाटली असती.

"देवाने पाचारण केलंय, मुलांचंही तोच बघेल," असं मंडळीतले लोक म्हणतात. माझाही विश्वास आहे, पण शाळेचा फॉर्म मलाच भरायचाय. स्थानिक शाळेत नवव्या इयत्तेला नवी भाषा, आंतरराष्ट्रीय शाळेची फी आमच्या मासिक आधारात (सेवेसाठी दर महिन्याला मिळणाऱ्या पैशांत) बसवताना नाकी नऊ येणार, आणि घरी शिकवायचं तर मला दहावीचं गणित झेपेल का, इथून सुरुवात. मिशनरी मुलांच्या वसतिगृहाच्या शाळा आहेत म्हणे, पण तिला इतक्यात लांब ठेवायची माझी तयारी नाही. ज्यांनी या वयाची मुलं नेली आहेत त्यांनी काय केलं?

शिवाय कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची? कुत्रा नेता येतो का? मुलाने त्याला सोडून यायला साफ नकार दिलाय. आणि नवरा म्हणतो सहा महिन्यांत भाषा येईल. येते का?

गलबत

ताई, आमची दोन्ही मुलं परदेशातच मोठी झाली, म्हणून मुलीबद्दल आधी लिहितो.

ती आता नववीत आहे हे लक्षात ठेवून तारीख ठरवा. केंब्रिजचा आयजीसीएसई साधारण १४ ते १६ वयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतरचा, अकरावी-बारावीच्या जागी येणारा आयबी डिप्लोमाही दोन वर्षांचा. यातल्या कुठल्याही एकाच्या मधोमध शाळा बदलली तर मूल भरडलं जातं. संस्थेला हवी ती तारीख आणि शाळेचं सत्र जुळत नसेल तर संस्थेला थांबायला सांगा. तसं सांगता येतं, फक्त कोणी सांगत नाही.

घरी शिकवायचा विचार असेल तर आधी तिथला कायदा बघा. जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला जवळजवळ परवानगीच मिळत नाही. काही देशांत नोंदणी करून चालतं. वसतिगृह नको म्हणताय ते पटलं. आणि आंतरराष्ट्रीय शाळांना मिशनरी कुटुंबांसाठी सवलत आहे का हे विचारायला लाजू नका. बऱ्याच ठिकाणी असते, पण स्वतःहून सांगत नाहीत.

आता तिच्या त्या प्रश्नाबद्दल. इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले मिशनरी विल्यम केरी, आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की छापखाना, व्याकरणं, भाषांतरं हेच बोललं जातं. त्यांची बायको डॉरोथी आधी यायला तयारच नव्हती. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघाले होते, जहाजाचं लांबलं, आणि शेवटी बहीण सोबत येणार या अटीवर ती आली. हे १७९३ सालचं. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. डॉरोथीचं मन त्यातून सावरलं नाही, ते थेट १८०७ मध्ये ती वारली तोपर्यंत. घाबरवायला नाही सांगत. घरातलं एक माणूस ओढत नेलं तर त्याची किंमत नंतर सगळ्यांना मोजावी लागते, आणि तेव्हा ती कोणाच्या अहवालात येत नाही.

जाणं ठरलंय हे लपवू नका, पण ज्या गोष्टी अजून ठरायच्या आहेत त्या खरोखर तिच्या हातात द्या. शाळा दोनांपैकी कोणती, खोली कोणती, सुट्टीत परत कधी यायचं. परदेशात वाढणाऱ्या मुलांवर लिहिणारे डेव्हिड पोलॉक यांनी अशा मुलांसाठी 'राफ्ट' म्हणून एक क्रम सुचवलाय: ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी समेट, ज्यांचं देणं लागतो त्यांचे आभार, मग नीट निरोप, आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार. मोठी माणसं चौथ्यापासून सुरू करतात. मुलं पहिल्या तीनांत अडकलेली असतात, म्हणून 'नंतर बघू'.

भाषा: सहा महिन्यांत भाजी आणता येते, उपदेश करता येत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज इंग्रजी भाषकांना अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांसाठी वर्गातले सुमारे २२०० तास असा आहे. भाषेचे वर्ग दोघांनीही करा आणि तुमच्या वर्गाची फी पहिल्यापासून आधाराच्या हिशोबात धरा. नाहीतर तो वर्गात आणि तुम्ही घरात, असं होतं.

शिक्कामोर्तब

कागदपत्रं. आधी सगळ्यांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा, जन्मदाखले आणि विवाहदाखल्यासकट. चर्चचा विवाहदाखला पुष्कळ ठिकाणी पुरत नाही, सरकारी नोंदणीचा लागतो. देश परदेशी कागदपत्रांबद्दलच्या १९६१ च्या हेग करारात असेल तर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) चालतं, नसेल तर दूतावासाचं साक्षांकन. भाषांतर शक्यतो त्यानंतर करा, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर त्यात येतं. पोलीस दाखला आणि वैद्यकीय दाखला मात्र शेवटी. त्यांना मुदत असते, उत्साहात आधी काढले की परत काढावे लागतात. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर आहे ना, तेही बघा.

पीतज्वराची लस लागणार असेल तर प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी परत घ्यायची गरज नाही.

तुमच्या नोकरीचं: देशागणिक वेगळं. उदाहरणार्थ अमेरिकेत धार्मिक कार्यकर्त्याच्या कुटुंबीयांना आर-२ व्हिसा मिळतो, त्यावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. तुम्ही जाताय त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या आणि त्यात "विनामूल्य दवाखान्यात मदत केली तर चालेल का" हेही विचारा. फुकट केलेलं कामही काही ठिकाणी कामच धरतात. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चार वर्षं चालू ठेवा, परत आल्यावर उपयोगी पडेल.

शेपूटवाला

कुत्रा नेता येतो, पण आजच सुरुवात करा. मायक्रोचिप आधी, रेबीजची लस नंतर. उलटं झालं तर ती लस धरत नाहीत. पुढे रक्ताची तपासणी लागू शकते. युरोपीय संघात त्यांच्या मान्य देशांच्या यादीबाहेरच्या देशातून जायचं तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. जपानला १८० दिवस. भाड्याच्या घरात कुत्रा चालेल का हे मंडळीतल्या लोकांना विचारून ठेवा. आम्ही सगळं केलं आणि घरमालक आडवा आला.

दोनबॅगा

मनापासून आभार सगळ्यांचे. चिप उद्याच बसवून घेतो. दूतावासाला ईमेल लिहायला घेतलाय, दवाखान्याच्या प्रश्नासकट.

दोन शाळांची नावं मुलीसमोर ठेवली. तिने एकीची वेबसाइट उघडून पहिल्यांदा काय बघितलं असेल तर बास्केटबॉलचा संघ आहे का. आहे. गलबतदादा, आता शाळेशी व्हिडिओ कॉल ठरवतेय. त्यात काय काय विचारू?

गलबत

फी, सवलत, भाषेसाठी वेगळा शिक्षक आहे का आणि नववीचे विषय पुढे कसे जुळवतात, हे तुम्ही ईमेलवर विचारा. कॉल तिला करू द्या, आणि तेव्हा दुसऱ्या खोलीत बसा.