आतड्यातले रेझिस्टंट जिवाणू आणि त्यांचा जहालपणा : तुमचे अनुभव लिहा

कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडतो, त्यात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर', म्हणजे रेझिस्टंट, दिसतात आणि नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, हा जंतू फार भयंकर आहे का हो?" मी संसर्गजन्य आजारांवर काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला सतत भेटतो. एका वाक्यात त्याचं उत्तर देता येत नाही. औषधाला दाद न देणं हा एक गुण झाला. शरीराला इजा करण्याची ताकद, म्हणजे रोगकारकता, हा अगदी निराळा. दोन्हींची जनुकं वेगळी. सगळ्या औषधांना पुरून उरणारा जिवाणू एखाद्याच्या आतड्यात काही त्रास न देता राहतो, आणि साध्या औषधाने मरणारा जिवाणू औषध पोचण्याआधीच माणसाला आयसीयूत नेतो. माझी काळजी आहे ती हे दोन गुण एकत्र येण्याची. ते जिथे एकत्र येतात ती जागा बहुतेकदा आतडं असते.

प्लेटवर, वॉर्डात, संगणकावर किंवा स्वतःच्या शरीरात ज्यांची या जिवाणूंशी गाठ पडली आहे त्यांनी जरूर लिहा. रुग्णाची किंवा संस्थेची ओळख नको, आणि औषधांचे सल्लेही नकोत.

सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून

क्लेबसिएला या आतड्यातल्या जिवाणूबद्दल लिहिते. काही क्लेबसिएलांची कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका, लूपने (तारेच्या कडीने) उचलली की चिकट तार सुटते. ती ५ मिलिमीटरपेक्षा लांब ताणली गेली तर स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह. हे हायपरव्हिरुलंट, म्हणजे अतिजहाल, क्लेबसिएला. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या यकृतात गळू करतात, तिथून डोळ्यात किंवा मेंदूत जातात. तैवानमधून १९८०च्या दशकात असे रुग्ण प्रथम नोंदले गेले. त्यांची कॅप्सूल, म्हणजे बाहेरचं आवरण, जाड करणारी आणि लोह ओढून घेणारं एरोबॅक्टिन बनवणारी जनुकं बहुधा एका मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळावर, असतात.

आम्ही प्लेट वाचणारे बरीच वर्षं एका गोष्टीवर निर्धास्त होतो. तार सुटणारे जिवाणू अँपिसिलिन सोडलं तर जवळपास प्रत्येक औषधाला सेन्सिटिव्ह निघत. मेरोपेनेम या जोरदार प्रतिजैविकाला न जुमानणारे जिवाणू आयसीयूतून येत, पण त्यांना तार नसे. मग एका सकाळी लांब तार ओढणारी कॉलनी आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्लेटवर मेरोपेनेमच्या डिस्कभोवती झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेली मोकळी जागा, नव्हताच. मी टेस्ट पुन्हा लावली. उत्तर तेच आलं. वॉर्डाला फोन करताना माझा आवाज कापत होता, कारण चीनमधल्या हांगझोऊची हकीकत मला माहीत होती. तिथे २०१६ साली एका आयसीयूत अशाच जिवाणूने पाच रुग्णांना गाठलं आणि पाचही दगावले. त्यात आधीपासून रेझिस्टंट असलेल्या एसटी११ वंशाने रोगकारकतेचं प्लाझ्मिड मिळवलं होतं.

एक सांगायला हवं. नुसत्या तारेवर विसंबू नये. तार न सुटणारेही जहाल असतात आणि तार सुटणारे सगळेच नसतात. जनुकं तपासणं जास्त खात्रीचं.

आयसीयूतली परिचारिका

ताईंचा तो फोन आमच्याकडे येतो तेव्हा पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं हे ठरलेलं असतं. वेगळी खोली, गाऊन, हातमोजे, त्या रुग्णासाठी वेगळा स्टेथोस्कोप. पण माझं लक्ष सिंककडे जास्त असतं. सिंकच्या निचऱ्याच्या पाइपात हे जिवाणू थर करून राहतात आणि नळाचं पाणी जोरात पडलं की शिंतोड्यांबरोबर वर येतात. रुग्णाचं उरलेलं काहीही हात धुण्याच्या सिंकमध्ये ओतू नका, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आणि जुलाब क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचे असतील तर हातावर सॅनिटायझर चोळून भागत नाही. त्याचे स्पोअर, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत, साबण आणि पाणीच लागतं.

एन्टेरोकोकसवर पीएचडी करणारा

मूळ लेखात दोन गुण वेगळे म्हटले आहेत ते बरोबर, पण एन्टेरोकोकस फिकॅलिस या आतड्यातल्या जिवाणूत ते कधीकधी एकाच कृतीतून साधतात.

या जिवाणूतली काही प्लाझ्मिडं फेरोमोनवर, म्हणजे रासायनिक इशाऱ्यावर, चालतात. ज्या पेशीकडे प्लाझ्मिड नाही ती एक छोटा पेप्टाइड बाहेर सोडते. प्लाझ्मिड असलेल्या पेशीला तो जाणवला की ती आपल्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणते, त्याचं नाव अॅग्रिगेशन सबस्टन्स. दोन पेशी चिकटतात आणि प्लाझ्मिडची प्रत पलीकडे जाते. प्रयोगशाळेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. एकसारखी गढूळ नळी असते, तिच्यात प्लाझ्मिड नसलेल्या वाणाचा गाळलेला द्रव घातला की पेशींच्या गुठळ्या होऊन तळाला बसतात आणि वरचं द्रावण स्वच्छ होतं. मी हे कितीदा पाहिलं असेल, अजूनही नळी हातात धरून बघतच राहतो. कारण तेच चिकट प्रथिन जिवाणूला माणसाच्या पेशींना आणि हृदयाच्या झडपेवरच्या गाठीला चिकटायलाही मदत करतं. रेझिस्टन्स पसरवण्याचं साधन आणि आजार करण्याचं साधन, दोन्ही एकच.

व्हॅनकोमायसिनबद्दलही थोडं. हे औषध पेशीभित्तीच्या कच्च्या मालातल्या डी-अॅलानिन-डी-अॅलानिन या टोकाला धरून बसतं. व्हॅन-ए जनुकसमूह असलेला जिवाणू शेवटच्या अॅलानिनच्या जागी लॅक्टेट बसवतो. एक हायड्रोजन बंध कमी होतो आणि औषधाची पकड सुमारे हजार पटींनी ढिली पडते. २००३ साली व्ही५८३ या व्हॅनकोमायसिनला न जुमानणाऱ्या वाणाचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा चौथ्या भागाहून अधिक डीएनए बाहेरून आलेला किंवा फिरता असावा असं दिसलं. पुढे असंही कळलं की बहुऔषधरोधी वाणांमध्ये परक्या डीएनएला अडवणारी क्रिस्पर-कॅस यंत्रणा बहुधा नसते. दार उघडं असलेल्यांनाच सगळं मिळालं, असं माझं मत.

एक रुग्ण

मला शास्त्र कमी समजतं, पण तुम्ही सगळे ज्या आतड्याबद्दल बोलताय ते माझं आहे. केमोथेरपी सुरू होण्याआधी तपासणीत मी कार्बापेनेमरोधी (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना न जुमानणाऱ्या) जिवाणूची वाहक निघाले. ताप नाही, जुलाब नाही, काहीच नाही. तरी खोलीच्या दारावर फलक लागला आणि माझी मुलगी गाऊन घालून आत आली. ती मला मिठी मारायला कचरत होती, ते मला केमोपेक्षा जड गेलं.

"मग मारून टाका ना तो जंतू," असं मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी खुर्ची ओढून बसून समजावलं. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. आतड्यातले चांगले जिवाणूच त्याला आटोक्यात ठेवतात. तो काढायला प्रतिजैविक दिलं तर आधी चांगले मरतील आणि त्यालाच मोकळं रान मिळेल. पुढे पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप आला, तेव्हा त्या तपासणीमुळेच पहिल्या तासात योग्य औषध सुरू झालं. रक्तात तोच जिवाणू निघाला होता. म्हणून तपासणीचा मला राग नाही. मात्र कोणी तरी मुलीला आधीच सांगायला हवं होतं की आईला जवळ घेता येतं, हात धुतले की झालं.

बालरोगतज्ज्ञ, मूत्रपिंडविकार विभाग

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे.

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. मुलाला रक्ताचे जुलाब होतात, पालक घाबरून प्रतिजैविक मागतात आणि मला थांबवावं लागतं. असे जुलाब करणाऱ्या काही ई. कोलायमधलं विष म्हणजे शिगा टॉक्सिन; त्याचं जनुक जिवाणूच्या गुणसूत्रात दडलेल्या विषाणूवर, म्हणजे फेजवर असतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की त्याची एसओएस नावाची डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, तिच्यामुळे फेजही जागा होतो आणि विष आणखी तयार होतं. त्यातून मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका असतो. लेकरू समोर कण्हत असताना "औषध न देणं हेच आत्ता बरोबर आहे" हे सांगणं फार कठीण असतं.

जर्मनीतली २०११ची साथ या धाग्यासाठी महत्त्वाची. ओ१०४:एच४ हा आतड्याला विटा रचल्यासारखा चिकटणारा ई. कोलाय. त्याला शिगा टॉक्सिनचा फेज मिळाला होता, आणि सीटीएक्स-एम-१५ हे रेझिस्टन्स जनुक असलेलं प्लाझ्मिडही. सुमारे ३८०० लोक आजारी पडले, ८०० हून अधिक जणांना एचयूएस, म्हणजे मूत्रपिंडं निकामी करणारी गुंतागुंत, झाला, ५० हून अधिक मरण पावले. जीव घेतला तो विषाने. रेझिस्टन्स सोबत होता, पण कारण तो नव्हता.

जीनोम वाचणारी

माझं काम संगणकावर. लोक विचारतात, प्लाझ्मिड बाळगणं जिवाणूला महाग पडत असेल, मग औषध थांबवलं की तो ते टाकून का देत नाही? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्लाझ्मिड असलेला ई. कोलाय ५०० पिढ्या वाढवला गेला. शेवटी त्याला प्लाझ्मिडचा भार वाटेनासा झाला होता, उलट औषध नसतानाही फायदाच होत होता. शिवाय कित्येक प्लाझ्मिडांवर टॉक्सिन-अँटिटॉक्सिनची जोडी असते. प्लाझ्मिड हरवलं की टिकाऊ विष मागे उरतं, उतारा लवकर संपतो आणि ती पेशी मरते किंवा वाढायची थांबते.

अडचण अशी की छोट्या तुकड्यांच्या सीक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचताना, प्लाझ्मिड पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागांपाशी तुटतं. रेझिस्टन्सचं आणि जहालपणाचं जनुक दोन्ही सापडतात, पण ती एकाच प्लाझ्मिडवर आहेत का, हे कळत नाही. लांब तुकडे वाचणारी लाँग-रीड पद्धत आल्यापासून पूर्ण वर्तुळ दिसतं. पहिल्यांदा एका वर्तुळावर दोन्ही दिसली तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. एकीने मला खासगीत विचारलं आहे की रिपोर्टात औषधांचा रकाना असतो तसा जहालपणाचा का नसतो. औषधाची चाचणी प्रमाणित आहे, झोन मोजला की अर्थ ठरतो. रोगकारकतेचं तसं नाही. तीच जनुकं एका माणसात मूत्रमार्गाचा संसर्ग करतात आणि दुसऱ्यात गप्प राहतात, कारण निम्मं उत्तर त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीत असतं. तरीही क्लेबसिएलासाठी निदान एरोबॅक्टिनचं आणि कॅप्सूल वाढवणारं जनुक नेहमीच्या तपासणीत यावं, असं मला ठामपणे वाटतं. यकृतात गळू असलेल्या रुग्णाचे डोळे वेळेत तपासले गेले तर दृष्टी वाचू शकते. प्रयोगशाळेतल्या ताई, तुमच्याकडे ही पीसीआर (जनुक शोधणारी चाचणी) कशी बसवली तेवढं सविस्तर लिहाल का?