चार लेआउटचे मिळून चालवलेले खत केंद्र पंधरा दिवसांत हटवायला सांगितले आहे, तातडीने मदत हवी आहे

कडुनिंबाखाली (१२ जुलै २०२५, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरात नाग नदीच्या काठाला लागून असलेल्या आमच्या चार लेआउटनी (म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतींनी) मिळून एक खत केंद्र उभे केले आहे. ते पंधरा दिवसांत हटवा, असे मंगळवारी जागेवर आलेल्या एका अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले. वास येतो आणि डास होतात, अशी लगतच्या काही घरांची तक्रार आहे. रविवारी, २० तारखेला, चारही लेआउटची बैठक आहे आणि तिथे काही ठरले नाही तर दोन वर्षांचे काम मातीमोल होईल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीचे पाणी आमच्या वस्तीत शिरले. त्या दिवशी ज्यांनी एकमेकांच्या घरांतला गाळ उपसला, त्यांचाच पुढे गट झाला. पावसाळी नाल्यांच्या जाळ्या पालापाचोळ्याने आणि प्लास्टिकच्या पन्नीने कशा बुजतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून पानगळीत एकही पान जाळायचे नाही, एकही नालीत जाऊ द्यायचे नाही आणि सगळ्याचे खत करायचे, असे ठरले.

माझा प्रश्न एवढाच आहे : आम्ही संस्था नोंदवली तर केंद्र वाचेल का, आणि नोंदणीला किती दिवस लागतात? वेळ फार कमी आहे, कृपया नेमके उत्तर द्यावे.

निवृत्त_लेखापाल (१२ जुलै, रात्री ११.२५)

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात आणि आपल्या राज्यात अशा संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. संस्थेची घटना (नियमावली), उद्देशपत्र, सदस्यांची ओळखपत्रे, कार्यालयाच्या जागेचे संमतीपत्र अशी तयारी करावी लागते, म्हणून पंधरा दिवसांत हे पूर्ण होईल या आशेवर राहू नये. तरीही नोंदणी कराच, असा माझा आग्रह आहे. संस्थेच्या नावाने पत्र देता येते, बँकेत खाते उघडता येते आणि उद्या कोणी घर बदलून गेले तरी काम कोणाच्या नावावर अडकत नाही. मात्र दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागेल आणि पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) दाखल करावा लागेल, ही जबाबदारी आधीच समजून घ्या.

गच्चीवरची_बाग (१३ जुलै, सकाळी ७.१०)

ताई किंवा दादा, केंद्राची गरजच काय, असे मला वाटते. मी नऊ वर्षांपासून गच्चीवर तीन मातीच्या कुंड्या एकावर एक ठेवून घरचा सगळा ओला कचरा जिरवते. तळाला नारळाच्या शेंड्या, वर मूठभर आंबट ताक शिंपडलेली जुनी माती आणि रोजच्या कचऱ्यावर वाळलेल्या पानांचा थर, एवढेच करावे लागते. फक्त मे महिन्यात नागपूरच्या उन्हाने कुंडी कोरडी पडते, तेव्हा वर ओले पोते टाकावे. प्रत्येक घराने एवढे केले तर सार्वजनिक जागेचा वादच उरणार नाही.

मुक्ता_प (१३ जुलै, सकाळी ८.०२)

नोंदणीचे उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. जागा कोणाची आहे? लेआउट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) अखत्यारीत होता की महापालिकेच्या, आणि जागा वापरायची परवानगी लेखी आहे का? साधारण किती माल जमतो? तक्रार करणारी घरे चार लेआउटमधली आहेत की बाहेरची? हटवण्याचा आदेश तोंडी आहे म्हणता, मग तक्रारीची प्रत तुम्ही पाहिली आहे का?

कडुनिंबाखाली (१३ जुलै, सकाळी ९.३०)

जागा लेआउटची ओपन स्पेस आहे, कोपऱ्यात मंदिर आणि मुलांचे झोपाळे आहेत. लेखी परवानगी नाही, कारण सुरुवातीला कोणाचा विरोधच नव्हता. लोखंडी जाळीचे चार फूट उंचीचे सहा पिंजरे आहेत आणि वर ताडपत्री आहे. तक्रार तिसऱ्या लेआउटमधल्या घरांची आहे. गच्चीवरच्या बागेबद्दल आभार, परंतु आमचा प्रश्न रस्त्यावरच्या झाडांच्या पानांचा आहे, स्वयंपाकघराचा नाही. नोंदणी करायची की नाही, यावर कृपया बोलावे.

जुना_महालकर (१३ जुलै, दुपारी १२.१५)

नोंदणीच्या फंदात पडू नका. आमच्या मोहल्ल्यात विहिरी साफ करणारा चाळीस जणांचा गट होता. संस्था नोंदवली त्या वर्षी अध्यक्ष कोण आणि सचिव कोण, यावरून दोन तट पडले, आणि विहिरीत उतरणारी पोरे कोणत्याच तटात नव्हती म्हणून ती निघून गेली. कागदावर संस्था आजही आहे, विहीर मात्र पुन्हा शेवाळाने भरली आहे. माणसे एकमेकांना ओळखतात आणि सांगितलेल्या वेळी येतात, एवढ्यावरच असे काम टिकते. चार लेआउटमधून दोन-दोन माणसांची समिती करा, एक वही ठेवा, पुरे आहे.

निवृत्त_लेखापाल (१३ जुलै, दुपारी १२.५०)

जुना महालकर, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु तुमच्या मोहल्ल्यात भांडण पदांमुळे झाले, नोंदणीमुळे नव्हे. वही ठेवणारा माणूस आजारी पडला की त्या वहीचे काय होते, हे मी अनेक गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबात पाहिले आहे. सार्वजनिक जागेवर काम करणाऱ्या आठ जणांना उद्या कोणी विचारले की तुम्ही कोण, तर त्यांच्याकडे काय उत्तर असेल?

जुना_महालकर (१३ जुलै, दुपारी १.२०)

उत्तर असेल, की आम्ही इथले रहिवासी आहोत. त्याहून मोठी ओळख कुठली, काका? पुराच्या पहाटे गाळ उपसणाऱ्यांना कोणी नोंदणी क्रमांक विचारला नव्हता.

काळी_माती (१३ जुलै, सायंकाळी ५.४५)

माझे शिक्षण शेतीचे आहे आणि खताचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. धाग्यात सांगितले आहे त्यावरून मला एक गोष्ट पटत नाही. नुसत्या वाळल्या पानांच्या ढिगाला असा वास येत नाही. कडुनिंब, पिंपळ, करंज, कोणतेही पान घ्या, पावसात भिजले तर त्याला ओल्या रानासारखा वास येतो आणि तो कोणाला खुपत नाही. घरे तक्रार करतात म्हणजे पिंजऱ्यात पानांखेरीज दुसरे काहीतरी पडते आहे. काय पडते, कधीपासून पडते आणि किती, हे सांगा.

कडुनिंबाखाली (१३ जुलै, रात्री ९.०५)

मेच्या अखेरीपासून आम्ही जवळच्या आठवडी बाजारातला भाजीपाल्याचा कचराही घेतो. बाजार उठल्यावर फुलकोबीची पाने, सडके टमाटर, मेथीच्या जुड्या तशाच पडून राहत आणि गाई त्यात पन्नीसकट तोंड घालत, ते पाहवत नव्हते. दर बाजाराला दोन हातगाड्या माल येतो. पाने एप्रिलमध्येच संपली होती, म्हणून सध्या पिंजऱ्यांत मुख्यतः हाच माल आहे. हे सांगायला हवे होते, हे आता लक्षात येते आहे.

काळी_माती (१३ जुलै, रात्री १०.१०)

मग तुमची अडचण नोंदणीने सुटणारी नाही. ती पिंजऱ्यात आहे. खताच्या ढिगात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावे लागते आणि ओलावा निम्म्याच्या थोडा वर. भाजीपाल्यात पाणीच ८० ते ९० टक्के असते आणि नत्रही अधिक. त्यावर गेल्या आठवड्यातला पाऊस पडला. ढिगाच्या आत हवा उरली नाही की हवेवाचून जगणारे जिवाणू काम करू लागतात आणि तो घाणेरडा वास सुटतो.

उद्या सकाळी एवढे करा. हातमोजा घालून पिंजऱ्याच्या मध्यातून, वीतभर आतून, मूठभर माल काढा आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर ढीग बुडालेला आहे. मालाचा गोळा काळा आणि बुळबुळीत असेल तर तो पिंजरा रिकामा करून, एक भाग मालाला तीन भाग कोरडा पदार्थ मिसळून पुन्हा भरावा लागेल. जुलैत पाने मिळणार नाहीत, म्हणून लकडगंजातल्या आरा मशीनवरून जाडा भुसा आणा. प्लायवूडचा भुसा मात्र घेऊ नका, त्यात डिंकाची रसायने असतात. सध्या घरोघरी कूलर काढून ठेवत आहेत, त्यांच्या ताट्यांतले जुने गवतही मोकळे करून चालेल.

डासांबद्दल : डेंग्यूचा डास कचऱ्यात नव्हे, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तुमच्या ताडपत्रीला जिथे झोळ पडला आहे, तिथे पावसाचे पाणी उभे असणार. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ताडपत्री काढून उताराचा टिनपत्रा टाका.

इतवारीचा_पुण्यात (१४ जुलै, सकाळी ७.५५)

बाजाराचा माल स्वयंसेवकांनी ओढायचा, हीच मुळात चूक आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि त्यातून कचरा वेचणाऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. तिने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार केला. घरोघरी कचरा गोळा करणारी व्यक्ती त्या संस्थेची सभासद असते आणि घरे तिला दरमहा शुल्क देतात. काम ज्यांच्या रोजीरोटीचे असते, त्यांचा खाडा पडत नाही. तुमच्याकडे चार लेआउट आहेत. प्रत्येक घराने महिन्याला थोडी रक्कम दिली, तर परिसरातल्याच दोन कचरा वेचणाऱ्या बायांना नियमित काम मिळेल. रविवारी सकाळी निवृत्त मंडळींनी हातगाडी ढकलून असे केंद्र वर्षानुवर्षे चालत नाही.

मुक्ता_प (१४ जुलै, सकाळी ९.२०)

काळी माती यांच्याशी मी सहमत आहे आणि कायद्याची बाजूही सांगते. जुलै २०२५ मध्ये लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये बाजारांतला भाजीपाल्याचा कचरा रोजच्या रोज उचलण्याचे आणि बाजारात किंवा त्याच्या जवळ खत अथवा बायोगॅस प्रकल्पाला चालना देण्याचे काम स्थानिक संस्थेवर सोपवले आहे. बागा आणि उद्यानांतला पालापाचोळा शक्यतो तिथेच जिरवावा, असेही तेच नियम सांगतात. म्हणजे पानांचे केंद्र नियमांच्या दिशेने आहे, तर बाजाराचा माल दुसऱ्याची जबाबदारी असताना तुम्ही डोक्यावर घेतला आहे. पानांसाठी लेखी परवानगी मागा आणि बाजारासाठी वेगळे पत्र द्या. दोन्ही पत्रांच्या पोचेवर शिक्का घ्या. तक्रारीची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो, मात्र उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, त्यामुळे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा.

आणखी एक विचारते. तक्रार करणारी घरे तिसऱ्या लेआउटमधली आहेत, म्हणजे तुमच्याच गटातली. ती कार्यालयात जाण्याआधी तुमच्याकडे का आली नाहीत? बाजाराचा माल घ्यायचे ठरले, तेव्हा त्यांना विचारले होते का?

कडुनिंबाखाली (१४ जुलै, रात्री ८.४०)

नव्हते विचारले. पहिल्या लेआउटमधल्या आम्ही पाच जणांनी ठरवले आणि व्हॉट्सअॅपवर कळवले. तिसऱ्या लेआउटची माणसे मार्चपासून कमी झाली होती, आणि कारण मला ठाऊक होते, तरी मी ते इथे लिहिले नाही. पहिले तयार खत निघाले तेव्हा ते आम्ही आमच्या लेआउटच्या बागेत टाकले. पाने त्यांच्या रस्त्याचीही होती.

आज सकाळी मूठ दाबून पाहिली. सहापैकी चार पिंजऱ्यांत धार लागली. उरलेले दोन पिंजरे फेब्रुवारीच्या पानांचे आहेत, त्यांत खत जवळजवळ तयार आहे, काळेभोर आणि मोकळे. ताडपत्रीच्या झोळात खरोखरच बादलीभर पाणी होते.

निवृत्त_लेखापाल (१४ जुलै, रात्री ९.३०)

एवढे मोकळेपणाने लिहिलेत, हे बरे केलेत. आता मीही सांगतो की रविवारच्या बैठकीत नोंदणीचा विषय आधी काढू नका. तयार खत कोणाकडे किती जाणार, हे ठरवून लिहा आणि चारही लेआउटच्या सह्या घ्या. नोंदणी दिवाळीनंतर करता येईल.

जुना_महालकर (१४ जुलै, रात्री ९.५०)

काकांशी इथे माझे एकमत आहे. त्यात एवढेच जोडतो की ते दोन पिंजऱ्यांचे खत बैठकीच्या आधी तिसऱ्या लेआउटला द्या. घमेले घेऊन स्वतः जा.

कडुनिंबाखाली (२१ जुलै, सकाळी ७.१५)

काल बैठक झाली. शनिवारी आम्ही तिघे जण अकरा पोती खत घेऊन तिसऱ्या लेआउटमध्ये गेलो. ज्या काकूंनी तक्रार केली होती, त्यांच्या दाराशी जास्वंदीच्या कुंड्या आहेत. त्यांनी खत हातात घेऊन वास घेतला आणि मग म्हणाल्या, “हे असं होत असेल तर मला काही म्हणायचं नाही. बाजाराचं मात्र आणू नका.”

बाजाराचा माल घेणे थांबवले आहे आणि त्यासाठीचे पत्र शुक्रवारी दिले, पोच मिळाली. चार पिंजरे रिकामे करून भुसा मिसळला, त्याला गुरुवार ते शनिवार लागले. तीन लेआउटनी खताच्या समान वाटणीच्या कागदावर सह्या केल्या. चौथ्या लेआउटने एक महिना पाहून सांगतो, असे म्हटले आहे. परवानगीच्या पत्रावर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून निर्णय देऊ, असे अधिकाऱ्यांनी सांगितले आहे आणि तोपर्यंत पिंजरे जागेवर राहतील.

दोन कचरा वेचणाऱ्या ताईंना कामावर घेण्याबद्दल बैठकीत बराच वेळ बोलणे झाले, कारण दर घरामागे किती रक्कम घ्यायची यावर एकमत झाले नाही. पुण्यात सुरुवातीला हे शुल्क कसे ठरवले होते, हे इतवारीचा पुण्यात यांनी सविस्तर लिहिल्यास पुढच्या बैठकीत मांडता येईल.