बारामतीत खोलीचं भाडं एकदम हजारानं वाढवलंय, काय करू?

कंत्राटी_गडी: नमस्कार मंडळी. एमआयडीसीत कंत्राटावर आहे, हातात चौदा हजार येतात. मी, बायको, पोरगी, दहा बाय बाराची पत्र्याची खोली, चार खोल्यांत एक संडास. भाडं ३५००, डिपॉझिट १०,००० दिलंय पण कागद काही नाही, सगळं तोंडी. लाईट सबमीटरवर, युनिटला १४ रुपये. आता मालक म्हणतात पुढच्या महिन्यापासून ४५०० द्या नाहीतर खोली खाली करा, लाईट तोडीन. पोरीची शाळा आत्ता कुठं सुरू झालीय. स्वस्तात कुठं खोली आहे का, का भिगवणला राहून अपडाऊन करू?

भिगवणवाला: इकडं २५०० ला मिळंल पण रोजचं शंभरचं पेट्रोल धर की. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री गाडी चालवत यायचं ते वेगळंच.

काळा_कोट: भाऊ, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ बघ. करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, तुझी नाही, नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, आणि कागदच नसेल तर काय ठरलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात, ते खोटंय हे मालकानं सिद्ध करायचं. कारण नसताना लाईट-पाणी तोडायलाही कलम २९ ची मनाई आहे. ११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही हे लोकांनी उगाच पसरवलंय. तुझ्या भाड्यावर स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के म्हणजे शंभरेक रुपये, नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १०००. एजंट वरचे घेईल ते सोड.

तीन_खोल्यांचा_मालक: कायदा बरोबर, पण आमचंही ऐका. मीटर एकच, सगळ्यांचा वापर मिळून युनिट वरच्या स्लॅबला जातं, तरी १४ जास्तच आहेत हे मान्य. गेल्या वर्षी एक जण दोन महिन्यांचं भाडं बुडवून रातोरात गेला, मागं फुटकी बादली ठेवून. केस कोण लढणार? कागद दाखवून भांडू नका, कराराचा अर्धा खर्च देतो म्हणा, मालक चार हजारावर येईल.

सरकारी_योजना: पीएम आवास शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे, नगरपरिषदेत विचार.

काळा_कोट: विचार जरूर, पण याला पहिल्या तारखेला छप्पर पाहिजे.

कंत्राटी_गडी: सगळ्यांचे आभार. भाडं दरमहा फोनवरनं पाठवलंय, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, सबमीटरचा फोटोपण. उद्या मालकांच्या आईला भेटतो, घरात चालतं त्यांचंच.