आईची उपाशीपोटीची साखर उतरतच नाही, मदत हवी आहे

सातारकर: आईची उपाशीपोटीची साखर रोज १८०-१९० येतेय. गोड बंद, भात बंद, आठवडाभर रात्रीचं जेवणही वाटीभर सूपवर आणलंय. तरी सकाळचा आकडा उलट वाढलाय. लवकर सांगा.

पाणकणीस: वय? गोळ्या कुठल्या, कधी? एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्तचाचणी)? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

बल्लव: मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी पाण्यासकट द्या. वडील सहा वर्षं घेताहेत. आणि पोळीऐवजी ज्वारीची भाकरी.

उन्मेष_क: भाकरीतही पिष्टच असतं हो. किती खाल्ली ते मोजायला हवं.

बल्लव: आमच्या घरात आकडे उतरलेत, ऐकीव सांगत नाहीये.

जाईजुई: सासऱ्यांना चहात गूळ चालेल का?

उन्मेष_क: नाही. रक्तात गेल्यावर गूळही साखरच.

सातारकर: वय ६७. मेटफॉर्मिन दोन वेळा, ग्लिमेपिराइड सकाळ-रात्र. एचबीएवनसी गेल्या महिन्यात ७.१. मला फक्त सकाळचं सांगा हो.

जाईजुई: मोजण्याआधी हात धुता ना? फळ चिरलेल्या बोटाने खोटा आकडा येतो.

पाणकणीस: ७.१ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साधारण १५७. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, म्हणून उपाशी राहूनही सकाळी वाढू शकते. मला काळजी वेगळीच वाटतेय. जेवण काढलंत, रात्रीची ग्लिमेपिराइड तशीच आहे? ती गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवते. साखर फार उतरली की होते तशी रात्री घाम, थरथर?

सातारकर: गोळी चालूच आहे. पहाटे घामाने भिजते, पंखा वाढव म्हणते. मला उकाडा वाटला. आजही सूप आणि गोळी घेऊन झोपलीय.

पाणकणीस: मग सकाळची वाट बघू नका, उठवून आत्ताच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

सातारकर: ५८ होती. साखरपाणी दिलं, आता ९४. वर दूध आणि अर्धी पोळी खाल्ली. मी उशाशीच बसलोय.

बल्लव: मेथी सध्या देऊ नका. तिनेही साखर उतरते, मी आधी गोळ्या विचारायला हव्या होत्या.

पाणकणीस: तासाभराने पुन्हा मोजा. सकाळी डॉक्टरांकडे जाताना वेळ, आकडा, जेवण, सगळं कागदावर लिहून न्या. सूपचं आणि घामाचंही.