मदत हवी आहे: टर्कीचा नर आवाजाला उत्तर देतो, पण टप्प्यात येत नाही

पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे मे महिन्यात रानटी टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो, फक्त छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुबका) असलेल्या पक्ष्यांचा. लायसन्स, सेफ्टी कोर्स सगळं रीतसर झालंय.

अंधारातच ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसतो. फटफटलं की नर झाडावरूनच ओरडायला लागतो. मी बॉक्स कॉलने (घासून आवाज काढायची छोटी लाकडी पेटी) मादीचा आवाज काढला की लगेच उत्तर देतो, खाली उतरतो आणि ऐंशीएक यार्डांवर अडतो. तिथेच पिसारा फुलवून, पंखांची टोकं जमिनीला घासत येरझारा घालतो. डोकं आत्ता पांढरंफटक, तर आत्ता निळं-लाल. बघतच राहावं! पण चाळीस यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही हे माझं पक्कं आहे, पक्षी जखमी होऊन झुडपात तडफडायला नको. शेवटी खऱ्या माद्या येतात आणि तो त्यांच्यामागे चालू पडतो.

दबा धरत त्याच्याकडे सरकायचं नाही, वसंतात टर्की बोलावूनच मारायची असा इथला नियम आहे. मग आवाज वाढवू की गप्प बसू? प्लास्टिकची मादी मांडू का?

प्रतिसाद:
निसर्गात मादीच नराकडे चालत जाते. तो ओरडतो, मिरवतो आणि वाट बघतो. आपण नेमकं उलटं मागतो. आवाज आला त्या जागी मादी दिसली नाही की तो थबकतो. म्हणून चढाच्या किंवा वाटेच्या वळणाआड बसा, म्हणजे तुमची जागा त्याला दिसेपर्यंत तो टप्प्यात आलेला असेल. उत्तर आलं की गप्प राहा, फक्त पाचोळा बोटांनी खरवडा. माद्या चरताना असाच आवाज होतो.

आणि लवकर उठून जाऊ नका. माद्या सकाळी उशिरा अंडी घालायला घरट्याकडे जातात, पुढे साधारण 28 दिवस उबवत बसतात. तेव्हा नर एकटा पडतो.

प्लास्टिकची मादी चालेल, पण ने-आण पिशवीत झाकूनच. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, रुमालसुद्धा नाही, नाहीतर दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजेल. म्हणूनच कुणी शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेवर एक वळण आहे, शनिवारी तिथेच बसतो. नर न ओरडता मागून आला तर?

प्रतिसाद:
मान वळवू नका. हालचाल तो लांबूनही टिपतो. समोर येऊ द्या, त्याचं डोकं झाडाआड गेलं की मगच बंदूक उचला.