सुपडू, उखर्डू, झिपरू: आपल्याकडे ही नावं आली कुठून?

बोरीकाठचा (अमळनेर)
शेताची वारस नोंद करायची म्हणून जुने फेरफार काढले. पणजोबा सुपडू, त्यांचे वडील उखर्डू. शेजारच्या गटात झिपरू नि भिका. एका उताऱ्यावर 'सुपडू', दुसऱ्यावर 'सुपडा', म्हणून तलाठी म्हणतात दोघं एकच होते याचं प्रतिज्ञापत्र आणा. ते होईल. पण अशी नावं ठेवायचे का? बायको नगरची, उतारा वाचून हसत सुटली. सुपडूचा अर्थ तरी काय सांगू तिला?

हर्षल_जळगाव
सुपर्ण म्हणजे गरुड, त्याचंच सुपडू झालं. विष्णूचं वाहन आहे दादा, बिनधास्त सांगा.

यावलची_मास्तरीण
हर्षलभाऊ, गरुडाला कशाला मधे ओढता? सुपडू म्हणजे सुपातला, दुसरं काही नाही.

घरातली आधीची लेकरं दगावलेली असली की नव्या बाळाला सुपात घालायचे. माझ्या आजेसासू गावात बाळंतपणं करायच्या, त्या सांगत. सुपात ज्वारी पसरायची, वर जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यावर बाळ. ते सूप परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. मग शेजारीण 'कोणाचं टाकेल पोर सापडलं' म्हणत उचलून आणणार, नि आई तिच्या पदरात ओंजळभर दाणे घालून आपलंच पोर विकत घेणार. टाकलेल्या, विकत घेतलेल्या पोराला कोण नजर लावतंय? सुपातला तो सुपडू, उकिरड्यावरचा उखर्डू, मागून घेतलेला भिका. नवसापायी जावळ राखलं नि झिपऱ्या वाढल्या, तो झिपरू. नशिराबादला झिपरू अण्णा महाराजांच्या समाधीपुढे लोक हात जोडतात, तिथे नाही कोणी हसत. पुण्याचे दगडूशेठ हलवाई नि महर्षी धोंडो केशव कर्वे, ही नावंही याच माळेतली. (धुंडिराज वेगळं, ते गणपतीचं नाव. धोंडूचं धुंडिराज करून मिरवणारे पाहिलेत मी.)

आणि हे एकट्या खान्देशाचं खूळ नव्हे. पंजाबात सुपाला छाज म्हणतात, तिथला छज्जू. बंगाल्यांचा तीन कवड्यांना विकलेला तिनकडी, विदर्भातला कवडू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेहून जास्त वर्षाच्या आत जायची. देवी, हगवण, धनुर्वात, त्यात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. 'पोऱ्या जगाले पाहिजे, नाव काय बी ठेवा' असं म्हणणाऱ्या माणसांना आपण कोणत्या तोंडाने हसायचं? लस आली, दवाखाने आले, देवी १९७५ नंतर देशातून गेलीच. तशी ही नावंही मागे सरली. मी हजेरी घ्यायचे तेव्हा सुपडू बापाच्या जागी असायचा, 'कैलास सुपडू'. पुढे तो कैलासच बाप झाला नि पोरगा मयूर. आता सुपडू सापडतो तो मतदार यादीत नि तुमच्या फेरफारात.

हर्षल_जळगाव
मास्तरीणबाई, गरुड मागे घेतला.

चोपडेकर
नथू राहिला की बाई! पोराचं नाक टोचून नथ घालायचे, म्हणजे मुलगी समजून ओढ घेणारं जे काय असेल ते परत जायचं. मुलगी गेली तर चालेल, असा हिशेब. तो भाग कोणी सांगत नाही.

यावलची_मास्तरीण
खरं बोललात. मुलीला कोणी सुपात घातल्याचं आजेसासूंच्या तोंडून मीही कधी ऐकलं नाही.

बोरीकाठचा (अमळनेर)
बाई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणे, उखर्डूचाच मुलगा सुपडू, म्हणजे दोन पिढ्या लागोपाठ लेकरं गेली तुमच्याकडे. हे मला सुचलंच नव्हतं. रविवारी गावी चुलत आजोबांना विचारतो, घरात तेवढंच जुनं माणूस उरलंय. त्यांचं नाव नथू आहे.

चोपडेकर
मग आधी नाक बघा त्यांचं. भोक बुजलं तरी खूण राहते.