पॉल व्हॅन डाइक: वरातीत गाणी वाजवणारा स्वतःचे संगीत कसे करू लागेल?

जुळे सोलापूर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी सोलापुरात एका साउंडवाल्यांकडे काम करतो. हळदी, वराती आणि गणपतीच्या मिरवणुका हेच आमचे मुख्य काम. मागच्या वर्षी जर्मन डीजे पॉल व्हॅन डाइक यांची ‘फॉर ॲन एंजल’ ही रचना प्रथम ऐकली. तिच्यात एकही शब्द नाही, तरी ऐकताना गळा दाटून आला. मला वाद्य वाजवता येत नाही आणि सुरांचे शिक्षणही नाही. घरी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत रचण्याचे सॉफ्टवेअर शिकतो आहे. दुसऱ्यांची गाणी वाजवणारा माणूस स्वतःचे संगीत करू लागतो, तेव्हा आधी काय येते आणि नंतर काय, हे त्यांच्या वाटचालीवरून कोणी समजावून सांगेल का?

रेडिओप्रेमी

आधी ऐकणे येते, आणि त्यांच्या बाबतीत ते फार कष्टाचे होते. त्यांचे मूळ नाव मथियास पॉल. 1971 साली पूर्व जर्मनीत पोलाद कारखान्यासाठी वसवलेल्या आयझेनह्युटनश्टाट या गावी त्यांचा जन्म झाला आणि बालपण पूर्व बर्लिनमध्ये आईजवळ गेले. पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या तिथल्या दुकानांत सहज मिळत नसत, पण शहर दुभंगणाऱ्या बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या, पश्चिम बर्लिनमधल्या रेडिओ केंद्रांच्या लहरी भिंतीने अडत नव्हत्या. हा मुलगा ते कार्यक्रम चोरून ऐकत असे. नाचणाऱ्यांची गर्दी पाहण्याच्या कितीतरी आधी हे संगीत त्यांच्या कानांत मुरलेले होते.

आमच्या लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची पाळी सुटल्यावरच रेडिओ सिलोन नीट ऐकू येई. आवाज मधेच विरला की राहिलेली ओळ आम्ही मनात पुरी करायचो. म्हणून त्यांच्या त्या ऐकण्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

1989 साली भिंत पडण्याच्या थोडे आधी ते आईसोबत हॅम्बुर्गला गेले आणि पुढे बर्लिनला परतले. त्यांनी सुतारकामाचे शिक्षणही घेतले होते. 1991 साली ‘ट्रेझर’ या क्लबात ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. हा क्लब एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत नुकताच सुरू झाला होता. भिंत पडल्यावर पूर्वेकडच्या अशा ओसाड वास्तू तरुणांच्या हाती आल्या आणि टेक्नो हे यंत्रांवर घडवलेले, एकसारख्या ठोक्यांचे नाचाचे संगीत तिथे रुजले.

मिक्सरवाला

रेडिओप्रेमी काकांच्या पुढचा टप्पा मी सांगतो, कारण तुमच्या कामाचा भाग तिथेच आहे. व्हॅन डाइक यांनी एकदम स्वतःचा अल्बम काढला नाही. 1992 साली त्यांनी कॉस्मिक बेबी या संगीतकारासोबत ‘द व्हिजन्स ऑफ शिवा’ या नावाने काम केले आणि 1993 साली ह्युमेट या गटाच्या ‘लव्ह स्टिम्युलेशन’चे रीमिक्स, म्हणजे त्याच रचनेची नवी मांडणी केली, जी खूप गाजली. ‘फॉर ॲन एंजल’ ज्यात आहे तो ‘45 आरपीएम’ हा पहिला अल्बम त्यानंतर, 1994 साली आला. हीच रचना त्यांनी 1998 साली नव्याने घडवून पुन्हा प्रसिद्ध केली. चार वर्षांनी स्वतःच्याच कामावर पुन्हा हात फिरवणे मला फार मोलाचे वाटते.

आता रचनेविषयी. ‘फॉर ॲन एंजल’ ज्या प्रकारात मोडते त्या ट्रान्स संगीतात मिनिटाला साधारण 130 ते 140 ठोके असतात, प्रत्येक ठोक्यावर किक, म्हणजे ढोलासारखा खोल आवाज असतो आणि बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला सूर, बहुधा दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत येतो. मध्यावर किक थांबते, सूर एकटा उरतो, आणि ऐकणारा ठोक्याची वाट पाहू लागतो. आपल्याकडे हलगीवाला क्षणभर थांबतो तेव्हा लेझीम खेळणाऱ्यांचे हात जसे अधांतरी राहतात, तोच हा क्षण आहे. वरातीत आपण दोन मिनिटांत गाणे बदलतो, त्यामुळे ही वाट पाहायला लावण्याची सवय आपल्या हाताला लागतच नाही. तेव्हा एकच हलगी ध्वनिमुद्रित करा आणि तिच्यावर सात मिनिटांची रचना उभी करून पाहा.

जुळे सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. इतके झाल्यावर प्रसिद्धी आपोआप आली का?

मिक्सरवाला

नाही, त्याला आणखी दहा-बारा वर्षे लागली. 2000 साली ‘आउट देअर अँड बॅक’ आला, ‘व्हँडिट’ ही त्यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी उभी राहिली, 2003 च्या ‘रिफ्लेक्शन्स’ला ग्रॅमी नामांकन मिळाले, आणि 2005 व 2006 असे सलग दोन वर्षे ‘डीजे मॅग’ या डीजे-संगीताच्या मासिकाच्या वाचकांनी त्यांना पहिला क्रमांक दिला. मात्र माझ्या मते त्यांची खरी कसोटी त्यानंतर लागली. फेब्रुवारी 2016 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे कार्यक्रम चालू असताना ते रंगमंचावरून खाली कोसळले. मेंदूला आणि मणक्याला गंभीर दुखापत झाली, चालणे-बोलणे पुन्हा शिकावे लागले. तरीही 2017 साली ‘फ्रॉम देन ऑन’ हा अल्बम त्यांनी पूर्ण केला.

आपण रंगमंच बांधतो तेव्हा दोन फळ्यांमधल्या फटीवर कापड अंथरून मोकळे होतो. कृपा करून तसे करू नका. तिथे फळीच ठोका आणि कडेला पांढरी पट्टी लावा.

जुळे सोलापूर

उद्या होटगी रस्त्यावर रंगमंच बांधायचा आहे, तिथे हे स्वतः पाहीन. गड्ड्याच्या यात्रेत मोबाइलवर घेतलेली हलगी माझ्याकडे आहे, पण तिच्यात गर्दीचा आवाज फार मिसळला आहे. आमच्या गल्लीतल्या हलगीवाल्या मामांना रविवारी घरी बोलावून ती नव्याने ध्वनिमुद्रित करतो आणि पहिली दोन मिनिटे इथेच ऐकायला ठेवतो.